पुण्यातल्या जुन्या बेकऱ्या कॅम्पातच का? श्रूजबरीच्या खोक्यामागची दोनशे वर्षांची गोष्ट

नगरहून पुण्याला कोणी निघालं की घरातून एक फर्माईश हमखास येते. "येताना कयानीची बिस्किटं आण." मग काम दवाखान्याचं असो, कोर्टाचं असो की पोराच्या ॲडमिशनचं, परतीच्या गाडीत मांडीवर श्रूजबरीचं खोकं असतंच.

पण पुण्यातली बेकऱ्यांची यादी करायला बसलं की एक गंमत लक्षात येते. जुनी, नावाजलेली नावं बहुतेक कॅम्पातली. ईस्ट स्ट्रीट, एमजी रोड, म्हणजे जुन्या लोकांचा मेन स्ट्रीट, आणि आसपासच्या गल्ल्या. शनिवार, सदाशिव, नारायण, कसबा या पेठांमध्ये मिठाईवाले जुने, फरसाणवाले जुने, खानावळी जुन्या, पण शंभर वर्षांची बेकरी शोधायची म्हटलं तर घाम फुटतो.

असं का? पेठेतल्या लोकांना बिस्किटं आवडत नव्हती म्हणून? तसं नाही. विषय चवीचा नव्हता, विषय होता हाताचा. म्हणजे कोणाच्या हातचं खायचं, याचा.

आधी आली फौज, मग आला पाव

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली. इंग्रजांनी आपली फौज मात्र शहराच्या आत ठेवली नाही. शहराच्या पूर्वेला मोकळ्या माळावर छावणी वसवली. तोच आजचा कॅम्प.

आता गोऱ्या शिपायाला रोज काय लागतं? मांस, दारू आणि पाव. भाकरी-चपातीवर त्याचं भागत नव्हतं. त्यामुळे छावणी म्हटलं की तिथं खाटीक आणि पाववाला आलाच. नगरमध्येही हेच घडलं. १८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा भुईकोट किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला छावणी वसली. जिथं लष्कर, तिथं पावाची भट्टी, हे गणित सगळीकडे सारखंच.

ही भट्टी चालवायची कोणी? हिंदू समाजात पाव भाजणारी जात नव्हती, कारण पाव हाच मुळात बाहेरचा. तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात आला. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतला. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, किंवा चार तुकडे होतात म्हणून पाव, या ऐकीव गोष्टी आहेत. गोव्यात पाव करणाऱ्याला आजही पोदेर म्हणतात आणि पीठ फुगवायला तिथं पूर्वी ताडी वापरायचे.

मग छावण्यांमध्ये हा धंदा गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांनी केला, पारशांनी केला, मुसलमानांनी केला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझद आणि केरमान भागातून माणसं मुंबई-पुण्याला आली. त्यांना आपण सरसकट 'इराणी' म्हणू लागलो. चहा, बन मस्का आणि बेकरी हे तिन्ही त्यांनी आपलंसं केलं.

पाव खाल्ला म्हणजे बाटला

दुसरीकडे पेठांमध्ये पावाकडे कसं बघायचे? सरळ सांगायचं तर, पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला.

पोर्तुगीज काळात विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी वसई भागात पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. त्या विहिरीचं पाणी प्यायलं की माणूस ख्रिस्ती झाला, असं त्याचेच भाऊबंद ठरवायचे. गोष्ट कितपत खरी हा वेगळा मुद्दा, पण पावाची धास्ती किती होती ते त्यातून कळतं.

या धास्तीचा उलटा उपयोग सुधारकांनी केला. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त संघटना सुरू झाली. दादोबा पांडुरंग त्यात पुढे होते. जातिभेद मोडायचा, हे तिचं उद्दिष्ट. सभासद व्हायचं तर एक परीक्षा असायची. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. ज्याने तो घास गिळला, तो जात मानत नाही हे सिद्ध झालं.

या सभेची शाखा पुण्यात होती, तशी अहमदनगरलाही होती. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी नगरमध्ये काही तरुण गुपचूप जमत होते आणि पावाचा तुकडा खाणं हे त्यांच्यासाठी बंड होतं. पुढे १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली. नावं फुटणार म्हटल्यावर लोक घाबरले आणि सभा मोडली.

चहा, बिस्किटं आणि टिळक-रानडे

पुण्यात तर बिस्किटाने थेट धर्मपीठ हलवलं.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. पुण्यातली नामवंत मंडळी हजर होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटं पुढे ठेवली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावून बाजूला ठेवली.

हा सगळा घाट घातला होता गोपाळराव जोशींनी. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि गावभर बोंब झाली. सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली. चौकशी नेमली गेली. याला तेव्हा 'ग्रामण्य' म्हणायचे.

ज्यांच्यावर ठपका आला त्यांच्या घरी जेवायला जायचं की नाही, भटजीने त्यांच्याकडचं कार्य करायचं की नाही, असे प्रश्न उभे राहिले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं. देशाचं राजकारण चालवणाऱ्या माणसांना एका कप चहाचा आणि बिस्किटाचा हिशेब द्यावा लागला.

आता विचार करा. जिथं बिस्किटाला नुसता हात लावल्यावर चौकशी बसते, त्या पेठेत बेकरीचं दुकान कोण थाटणार? आणि थाटलं तरी उजेडी त्याची पायरी कोण चढणार? म्हणून बेकऱ्या छावणीत राहिल्या आणि पेठा बेकरीशिवाय.

मग बेकरी पेठेत शिरली कशी?

एका दिवसात नाही. तीन वाटांनी.

पहिली वाट घरच्या पिठाची. महाराष्ट्रातल्या गावोगावी, नगर जिल्ह्यातही, एक पद्धत चालत आली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या आधी घरचं पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं. बेकरीवाला समोर पीठ मळून, साच्यातून काढून, पत्र्यावर लावून भट्टीत सरकवणार. घरी येताना पत्र्याचा डबा गरम बिस्किटांनी भरलेला. यात भट्टी दुसऱ्याची, पण जिन्नस आपला. ज्या आजीला बाहेरचं चालत नव्हतं, तिलाही हे चालून गेलं.

दुसरी वाट इराण्यांच्या चहाची. डेक्कनच्या कोपऱ्यावर १९३५ मध्ये कॅफे गुडलक सुरू झालं. फर्ग्युसन कॉलेज हाकेच्या अंतरावर. कॉलेजच्या पोरांनी तिथं बन मस्का आणि चहावर तासन् तास काढले. घरी सांगितलं असेल किंवा नसेल, पण पावाची भीती त्या टेबलांवर गेली.

तिसरी वाट आली कर्नाटकातून. आज नगर असो, पुणे असो की एखादं तालुक्याचं गाव, 'अय्यंगार बेकरी' अशी पाटी दिसतेच. अय्यंगार हे दक्षिणेतल्या वैष्णव ब्राह्मणांचं नाव. हासन जिल्ह्यातल्या या मंडळींनी बंगळुरात बेकरीचा धंदा उभा केला. तिथली बी. बी. बेकरी १८९८ ची. पुढे हे नाव इतकं चाललं की अय्यंगार नसलेल्यांनीही तीच पाटी लावली. कारण त्या एका शब्दात गिऱ्हाइकाला हवं ते सगळं होतं. अंडं नाही आणि हात 'आपल्यातला'. म्हणजे परमहंस सभेने जो प्रश्न पाव खाऊन सोडवायचा ठरवला, तो बाजाराने पाटी लावून टाळला.

आज तर मिसळीबरोबर पुणेकर स्लाइसच मागतो आणि वडापाव हा मराठी माणसाचा अभिमान झालाय.

तर मग जायचं कुठं?

हे सगळं डोक्यात ठेवून पुण्यात बेकऱ्या फिरायच्या असतील तर हा रस्ता धरा.

कयानी बेकरी, ईस्ट स्ट्रीट. १९५५ मध्ये इराणी कुटुंबाने सुरू केलेली. श्रूजबरी हे मूळचं इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावाचं बिस्किट. तिथं त्याच्या नोंदी सोळाव्या शतकापासूनच्या आहेत. पण आज श्रूजबरी म्हटलं की आपल्याकडे पुणंच आठवतं. मैदा, लोणी आणि साखर एवढाच मामला. चावायचं नाही, जिभेवर विरघळू द्यायचं. सोबत मावा केक घ्यायला विसरू नका. दुपारी दुकान बंद असतं आणि रविवारी सुट्टी, त्यामुळे सकाळी लवकर गाठलेलं बरं. रांग असेलच. ती भरभर सरकते.

मार्झोरिन, एमजी रोड. कयानीपासून चालत जाण्यासारखं. इथं बिस्किटांपेक्षा सँडविच आणि रोल यांच्यासाठी गर्दी. चिकन सँडविच हे कॅम्पातल्या कित्येक पिढ्यांचं मधल्या वेळचं खाणं. वर बसून खाली मेन स्ट्रीट बघत खायला जास्त मजा.

कॅफे गुडलक, डेक्कन. ही बेकरी नाही, पण बन मस्का खाल्ल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. सकाळी जा. बन चहात बुडवून खायचा, लाजायचं नाही.

संतोष बेकरी, आपटे रोड. कॅम्पाच्या बाहेर, नदीच्या पलीकडे डेक्कन भागात. पॅटिससाठी लोक लांबून येतात. बाहेर पापुद्रा, आत बटाट्याचं सारण. क्रीम रोल आणि खारीही बांधून घ्या. पॅटिस संपतात, त्यामुळे उशीर नको.

जर्मन बेकरी, कोरेगाव पार्क. ही इराणी परंपरेतली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, ओशो आश्रमात येणाऱ्या परदेशी लोकांसाठी सुरू झाली. म्हणजे पुन्हा तोच प्रकार, बाहेरची माणसं आली आणि त्यांच्यामागून त्यांचा पाव आला. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी इथं बॉम्बस्फोट झाला. १७ जणांचा जीव गेला. तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच जागेवर ती पुन्हा उघडली. वेगवेगळ्या देशांची, धर्मांची माणसं एका टेबलावर बसून खातात, हीच त्या जागेची ओळख होती आणि तीच लक्ष्य झाली. आज तिथं लोक परत कॉफी पितात.

नेताना एवढं सांभाळा

श्रूजबरी फार नाजूक. एसटीच्या वरच्या रॅकवर टाकली तर नगरला पोचेपर्यंत अर्धा चुरा. खोकं मांडीवर किंवा पायाशी सपाट ठेवा. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत मऊ पडते. मावा केक आधी संपवा, तो टिकत नाही. पॅटिस तर घरापर्यंत न्यायच्या भानगडीत पडूच नका. तिथंच गरम खा.

आणि कयानीच्या रांगेत उभं राहाल तेव्हा एकदा आजूबाजूला बघा. सदाशिव पेठेतले काका असतात, कोंढव्याच्या मावशी असतात, कॅम्पातले पारशी आजोबा असतात, नगर-सोलापूरहून आलेली माणसं असतात. बिस्किट कोणी भाजलं, हे तिथं कोणी विचारत नाही. एवढंच विचारतात, "श्रूजबरी शिल्लक आहे ना?"

१८९० च्या पुण्यात याच बिस्किटापायी लोकांना वाळीत पडायची वेळ आली होती.