अम्माचा फोटोपास कुठे आहे?

'चक्र' चित्रपटाचे नाव निघाले की अनेकांना आजही आधी आठवते ती नळावर उघड्यावर अंघोळ करणारी स्मिता पाटील. १९८१ साली हा चित्रपट आला, तेव्हा नेमके तेच दृश्य पोस्टरवर चढवले गेले. सभ्य समाजाने नाके मुरडली. पोस्टरसमोर रेंगाळणारेही त्याच समाजातले होते. स्मिता पाटील यांची भूमिका स्वच्छ होती. झोपडपट्टीतल्या बाईला न्हाणीघर नसते, तिचे रोजचे जगणेच तसे आहे. त्यांचा राग होता तो त्या दृश्याचा बाजार मांडणाऱ्यांवर.

दुसरीकडे गौरवही झाला. जयवंत दळवींच्या १९६३ सालच्या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी काढलेल्या या चित्रपटाला लोकार्नो महोत्सवात 'गोल्डन लेपर्ड' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार, नसिरुद्दीन शहांना फिल्मफेअर. पुरस्कार रास्तच होते. पण प्रश्न असा, की कोणी अंग पाहिले, कोणी अभिनय पाहिला. त्या झोपडीत राहणारा नागरिक कोणी पाहिला?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही हा चित्रपट दाखवला. नळाच्या दृश्याला कोणी कुजबुजले नाही. शेवटी बुलडोझर येतो, झोपड्या भुईसपाट होतात, तेव्हा मात्र सभागृह चिडीचूप झाले. नंतर महाविद्यालयीन मुले वास्तववादी सिनेमावर बोलली, छान बोलली. मग मागून एक वयस्कर बाई उठल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, ते सगळं खरं. पण त्या अम्माकडं फोटोपास होता का नव्हता?"

चाळीस वर्षांच्या समीक्षेत मी हा प्रश्न वाचलेला नाही. आणि खरा प्रश्न हाच आहे.

कारण ज्या वर्षी परदेशात 'चक्र'चा सन्मान झाला, त्याच वर्षी, १३ जुलै १९८१ रोजी, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरील लोकांना हटवून गावी धाडण्याची घोषणा केली. २३ जुलैला तामिळनाडूतल्या सालेमहून १९६१ साली आलेल्या एका भूमिहीन मजुराची झोपडी महापालिकेने तोडली आणि कुटुंबासह त्याला सालेमच्या बसमध्ये बसवले. बायको-मुली तिकडे राहिल्या. कामासाठी तो पुन्हा मुंबईच्या फुटपाथवर आला. ही हकीगत कादंबरीतली नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या ओल्गा टेलिस निकालातली आहे.

१० जुलै १९८५ च्या त्या निकालाने उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला. कायद्याच्या वर्गात यावर टाळ्या पडतात. पण त्याच निकालाने फुटपाथवरील झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. मुदत दिली ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत. पर्यायी जागा कोणाला? तर १९७६ च्या गणनेत नोंद होऊन ओळखपत्र मिळालेल्यांना. बाकीच्यांच्या वाट्याला तत्त्व आले, छप्पर नाही. अम्माचा नवरा तर झोपडीसाठी पत्रे चोरताना गोळी लागून मेला. तिला कोणी नोंदले असते?

चित्रपटाच्या नावाने अनेकांची सोय झाली. हे दैवाचे चक्र, आपण काय करणार, असे म्हणून हळहळत घरी जाता येते. पण अम्मा शहरात का आली, हे चित्रपट सांगतो. गावच्या सावकाराने तिच्यावर हात टाकला, नवऱ्याने त्याला मारले आणि दोघांना पळावे लागले. दुःखाला कारण असते, हे आपल्याला तथागतांनी शिकवले. गाव म्हणजे जातीची कोंडी, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत परखडपणे सांगितले. गावातून हाकललेल्याला शहराने 'अतिक्रमण' म्हणायचे, यात दैव कुठे आले?

१९६३ सालीच बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' प्रसिद्ध झाले. दळवींनी सहानुभूतीने झोपडीत डोकावून पाहिले, त्यांचे ऋण मान्य. बागुल माटुंगा लेबर कॅम्पमध्ये वाढले होते. त्यांनी आतून बाहेर पाहिले आणि जाब विचारला. त्या बाईंचा प्रश्न बागुलांच्या जातकुळीचा आहे.

आज महाराष्ट्रात संरक्षणाची तारीख १ जानेवारी २००० आहे. त्यानंतरच्या, २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून पुनर्वसनाची तरतूद आहे. पण पुरावा नसेल तर तारीख काय कामाची?

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती. 'चक्र' वस्त्यावस्त्यांतून जरूर दाखवा. मात्र चित्रपट संपला की दिवे लावा, चटईवर बसा आणि प्रत्येक घराची कागदांची पिशवी उघडून तपासा. त्या रात्री आम्ही तेच केले. अकरा घरांकडे काहीच नव्हते. त्यांचे अर्ज आता दाखल झाले आहेत.