प्राणी पाहायला जाताना

पुण्याजवळ कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. ते दर बुधवारी बंद असते. आम्ही चौकशी केली नाही आणि नेमके बुधवारी गेलो. बाबांची एका दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडेही गेले. आजी म्हणाली, "आधी विचारायचं, मग निघायचं." म्हणून यंदा आम्ही आधी बेत ठरवला.

१) वार : रविवार. शाळेलाही सुट्टी.

२) वेळ : पहिली एस.टी. धरायची. दुपारच्या उन्हात वाघ सावलीला झोपतो, मग दिसत नाही.

३) पैसे : एस.टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धे झाले. आजीचा आणि आईचा खर्च कमी झाला.

४) चालणे : जागा सुमारे १३० एकर आहे. आजीला दमवायचे नाही, मध्ये मध्ये बसायचे.

५) डबा : भाकरी फडक्यात बांधायची. प्लॅस्टिकची पिशवी नको. हरणाने पिशवी गिळली तर ती पोटात अडकते आणि ते मरते.

धाकटी चिंगी म्हणाली, "मी हरणाला हात लावणार, भाकरी चारणार." बाईंनी सांगितले, की तिथे प्राण्यांना खायला घालायला आणि चिडवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. चिंगी रुसली. मग मी तिला म्हणालो, "हरणाला नुसतं डोळ्यांनी बघायचं. भाकरी आपल्या शेळीला दे, तिला हातही लाव."

आता ती रोज विचारते, "दादा, रविवार कधी?"