शाप नव्हे, प्रथिनाची चुकलेली घडी

व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या गरीब कोळी वस्त्यांत हंटिंग्टनचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. हातपाय आपोआप हलतात, स्वभाव बदलतो, पुढे घास गिळणेही जड जाते. या कुटुंबांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांची मोठी मदत होऊन १९९३ साली त्यामागचे जनुक सापडले.

त्यात ‘सीएजी’ ही तीन अक्षरे सलग ४० किंवा अधिक वेळा आली, की हंटिंग्टिन प्रथिनाची घडी चुकते. अशी प्रथिने एकमेकांना चिकटतात, पेशीतील उपयोगी प्रथिनांनाही अडकवून ठेवतात आणि मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात.

आईवडिलांपैकी एकाला हा आजार असल्यास प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. हा कुणाचा शाप नाही, स्पर्शाने पसरणारा रोगही नाही. तो बरा करणारे औषध अजून नाही. पण रुग्णाजवळ बसून शांतपणे, लहान घासांनी भरवणे आपल्या हाती आहे.