बातमी येते बहात्तर हजार किलोमीटर फिरून!

सांगा पाहू, सकाळ आधी कुठे होते? यवतमाळला की मुंबईला?

घड्याळात दोन्हीकडे सात एकाच वेळी वाजतात. पण सूर्य काही घड्याळ बघून उगवत नाही. यवतमाळ मुंबईच्या पूर्वेला आहे, त्यामुळे आपल्याकडे तो साधारण वीस मिनिटं आधीच हजर होतो. आता दुसरा प्रश्न. सूर्योदयाला इथून मुंबईला पोचायला वीस मिनिटं लागतात, मग मुंबईच्या स्टुडिओतल्या सकाळच्या बातम्या इथे यायला किती वेळ लागत असेल?

थांबा! आधी सकाळी टीव्हीवर बातम्या दाखवायची कल्पना कुणाची, ते बघू. अमेरिकेत 14 जानेवारी 1952 ला ‘टुडे’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळच्या घाईत टीव्ही कोण बघणार, असं म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मग 1953 मध्ये सूत्रसंचालक डेव्ह गॅरोवे यांच्या शेजारी कोण येऊन बसलं माहितेय? जे. फ्रेड मग्ज नावाचं चिंपांझीचं पिल्लू! ते बघायला मुलं टीव्हीसमोर जमली आणि मुलांच्या मागोमाग आईबाबाही. हा कार्यक्रम आजही सुरू आहे.

त्यांची खरी पंचाईत मात्र सूर्यानेच केली होती. न्यूयॉर्कमध्ये सात वाजतात तेव्हा शिकागोत सहाच वाजलेले असतात. म्हणून ही मंडळी सलग तीन तास बोलत. पहिले दोन तास न्यूयॉर्कसाठी, शेवटचे दोन शिकागोसाठी. आपल्या देशाचं घड्याळ एकच, त्यामुळे ही कसरत आपल्याला करावी लागत नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांच्या मराठी बातम्या तुमच्या आजीआजोबांना नक्की आठवतील. पण त्या संध्याकाळच्या! सकाळी टीव्ही लावायची सवय देशाला लागली ती 1987 पासून.

बरं, मुंबईतल्या वरळीच्या उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी थेट यवतमाळला का येत नाहीत? कारण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल. शंभर-सव्वाशे किलोमीटर जाईपर्यंत जमीन खाली वळते आणि लहरी डोक्यावरून निघून जातात. मग एवढ्या लांब बातमी पाठवायला उपग्रहाची मदत घेतात.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तेवढ्याच वेळात तोही तिच्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. जत्रेतल्या चक्रीवर समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेक जागच्या जागीच दिसतात ना, तसं! म्हणून घरावरची छत्री एकदा नीट लावली की काम झालं.

आता गणित करू. 36 हजार वर, 36 हजार खाली. झाले 72 हजार! मुंबई-यवतमाळ सरळ अंतर जेमतेम पावणेसहाशे किलोमीटर असलं, तरी बातमी एवढा वळसा घेते. पण रेडिओलहरी धावतात सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्यामुळे हा सगळा प्रवास होतो पाव सेकंदात. त्यात काही वेळा बातमीच्या उपग्रहापर्यंत दोन खेपा होतात, शिवाय चित्र गुंडाळायला आणि उलगडायला यंत्रांना थोडा वेळ लागतो. म्हणून तर शेजारच्या टीव्हीवर षटकार आधी बसतो आणि आपल्याकडे तोच चेंडू अजून गोलंदाजाच्या हातात असतो! सगळं धरूनही हिशेब सेकंदांचाच.

स्टुडिओतून प्रश्न विचारला की लांबच्या गावी उभा असलेला बातमीदार क्षणभर नुसताच मान हलवतो, हे पाहिलंय? उत्तर येत नसतं म्हणून नाही हं. प्रश्नच अजून त्याच्या कानापर्यंत पोचलेला नसतो!

आता एक काम करा. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, जिथे राहत असाल तिथे होकायंत्र घेऊन बाहेर पडा आणि घराघरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या बघा. त्या दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून असतील. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे, मग उपग्रह उत्तरेला कसा सापडेल? उत्तरेकडे वळलेली छत्री दिसली, तर त्या घरच्यांना विचारून बघा, टीव्ही चालतोय का!