प्लेअर की ड्राइव्ह? आधी कपाट उघडा

एलजीने डिसेंबर २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेअर बनवणं थांबवलं आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये प्लेअरच्या धंद्यातून आधीच अंग काढून घेतलं होतं. ‘आपल्याकडे ब्लू-रे घेतलं होतं कुणी?’ असं म्हणत बहुतेकांनी ही बातमी सोडून दिली असेल. पण सोनीने बंद केलेल्या मालाच्या यादीत मिनी डीव्ही कॅसेटही होती. गेल्या पंचवीस वर्षांतली आपल्याकडची कितीतरी लग्नं, मुंजी आणि पंचाहत्तरीचे सोहळे त्या कॅसेटवर शूट झाले आणि सीडी-डीव्हीडी होऊन घरी आले. त्या अर्थाने ही बातमी आपल्या कपाटातली आहे.

कपाटात सीडी आहेत, हॉलमधला प्लेअर बंद पडलाय आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, अशी आज हजारो घरांची स्थिती आहे. मग नवा प्लेअर घ्यायचा की लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह? दुकानदार जे शिल्लक असेल ते हातात ठेवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यांना ४के सिनेमा बघायचाय त्यांनी प्लेअर घ्यावा. बाकी बहुतेक मराठी घरांनी आधी ड्राइव्ह घ्यावा, आणि लवकर घ्यावा.

४केचं आटोपून टाकू, कारण तिथे निवड उरलेलीच नाही. ४के ब्लू-रे संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘एसजीएक्स’ नावाची सुरक्षित कप्प्याची सोय लागायची. सातव्या ते दहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ती होती. अकराव्या पिढीपासून इंटेलने घराघरांतल्या संगणकांतून ती काढून टाकली. एएमडीच्या प्रोसेसरवर हे कधी चालतच नव्हतं. म्हणजे आज घेतलेला महागडा नवा संगणक जे करू शकत नाही, ते २०१७ सालचा एखादा जुना संगणक करू शकत होता. पैसे मोजून विकत घेतलेल्या सिनेमाच्या बाबतीत हे घडतं, याचा मला मनापासून राग येतो. तेव्हा ४केच्या चाहत्यांनी सरळ स्वतंत्र प्लेअर घ्यावा, किंवा घरात डिस्क लागणारा प्लेस्टेशन ५ असेल तर तोच वापरावा.

आता डीव्हीडी आणि व्हीसीडीकडे येऊ. आपला खरा साठा त्यांचाच आहे.

नुसतं बघण्यापुरतं बोलायचं तर प्लेअर आजही सरस आहे, आणि त्यामागे ठोस कारणं आहेत. आपल्याकडची नाटकं आणि लग्नं व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाली. त्या कॅमेऱ्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपली जायची, एकदा विषम ओळींची आणि एकदा सम ओळींची. जुना टीव्ही ती तशीच दाखवायचा. लॅपटॉपचा पडदा मात्र दोन अर्धी एकत्र करून एकदम दाखवतो. त्यामुळे अशी डीव्हीडी संगणकावर लावली आणि नटाने झटकन हात वर केला की हाताच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेषा उमटतात. लोकांना वाटतं, सीडीच खराब आहे. सीडी चांगली असते. व्हीएलसी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हिडिओ’च्या मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करून खाली ‘याडिफ २एक्स’ निवडलं की रेषा जातात आणि हालचालही मूळच्यासारखी सलग दिसते. स्वतंत्र प्लेअर किंवा टीव्ही हे काम न सांगता करतो.

प्लेअरचा दुसरा गुण म्हणजे चरा पडलेल्या सीडीवरही तो पुढे जात राहतो. व्हीसीडीची गंमत अशी की सिनेमा जास्तीत जास्त मावावा म्हणून तिच्या चित्राच्या भागातून चुका दुरुस्त करणारा एक थर काढून टाकलेला असतो. संगणकाच्या फाइलमधला एक आकडा चुकला तरी फाइल बिघडते, म्हणून डेटा सीडीवर तो थर ठेवतात. चित्रातले चार ठिपके बिघडले तर काय झालं, असा व्हीसीडी तयार करणाऱ्यांचा हिशेब होता. प्लेअर त्याच हिशेबाने वागतो. चेहऱ्यावर क्षणभर चौकोन उमटतात आणि संवाद पुढे चालू राहतो. संगणकावर तीच सीडी कॉपी करायला घेतली तर तो अडलेल्या जागी पुन्हापुन्हा वाचत बसतो आणि शेवटी चूक दाखवून थांबतो.

मग ड्राइव्ह कशासाठी? उत्तर सांगण्याआधी नॉर्वेतल्या एका मुलाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आज कुठलाही संगणक बिनतक्रार डीव्हीडी दाखवतो त्याचं मूळ तिच्यात आहे.

डीव्हीडीवरचा सिनेमा ‘सीएसएस’ नावाच्या कुलपात बंद असतो. किल्ली फक्त परवाना घेतलेल्या प्लेअरकडे आणि सॉफ्टवेअरकडे असायची. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी असं सॉफ्टवेअर नव्हतं. दुकानातून रोख पैसे देऊन आणलेली डीव्हीडी त्यांना स्वतःच्या संगणकावर बघता येत नव्हती. १९९९ मध्ये पंधरा वर्षांच्या योन लेक योहानसेनने आणखी दोघांच्या साथीने हे कुलूप उघडणारा ‘डीसीएसएस’ हा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर टाकला. कुलूपही फार मजबूत नव्हतं, त्याची किल्ली अवघी ४० बिटांची. जानेवारी २००० मध्ये नॉर्वेच्या आर्थिक गुन्हे शाखेने त्याच्या घरावर छापा घातला. हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या तक्रारीवरून खटला उभा राहिला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ साधा होता. स्वतःच्या मालकीची, कायद्याने विकत घेतलेली डीव्हीडी बघण्यासाठी तिचं कुलूप उघडणं हा तिथल्या कायद्यानुसार गुन्हा ठरत नाही.

हा निकाल मी फार मोलाचा मानतो. एका शाळकरी वयाच्या मुलाने विचारलेला प्रश्न अख्ख्या सिनेउद्योगाला टाळता आला नाही. वस्तू घेतली कुणी, आणि ती कशावर लावायची हे ठरवणार कोण? पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या व्हीएलसीने पुढे हेच काम आपल्या पद्धतीने केलं आणि जगभर फुकट पोचवलं. आपल्याकडे २०२२ मध्ये काही महिने त्याचं संकेतस्थळ बंद ठेवलं गेलं होतं. नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली.

कुलपाच्या जोडीला रीजनची भानगड आहे. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत. अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये हा आकडा फक्त पाच वेळा बदलता येतो, शेवटचा आकडा मग कायमचा. तेव्हा विंडोजने रीजन बदलायचा का विचारलं तर घाईने ‘हो’ म्हणू नका. व्हीएलसी बहुतेक ड्राइव्हवर या आकड्याला विचारतच नाही. मुलांकडे न्यू जर्सीला जाताना मराठी सिनेमांच्या डीव्हीडी बॅगेत भरणाऱ्या आईवडिलांना वेगळाच अनुभव येतो. सीडी पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीची असेल तर तिकडचे बरेच प्लेअर ती नाकारतात, कारण ते तिकडच्या एनटीएससी पद्धतीसाठी बनवलेले असतात. लॅपटॉपला पाल आणि एनटीएससी सारखेच. परदेशी राहणाऱ्यांसाठी तरी हा वाद इथेच मिटतो.

आता मुख्य मुद्दा. प्लेअर फक्त दाखवतो. ड्राइव्ह वाचतो, आणि वाचलेलं दुसरीकडे ठेवता येतं.

२००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा सिनेमाची सीडी भाजीबरोबर पिशवीत येऊ लागली. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. स्वस्त सीडींच्या त्या काळात मराठी नाटकं मोठ्या प्रमाणावर व्हीसीडीवर आली. दोन अंकी नाटक दोन सीडींवर, जरा मोठं असेल तर तीन. व्हीसीडीच्या एका चित्रात जेमतेम एक लाख ठिपके असतात, ४केमध्ये सुमारे ८३ लाख. मोठ्या टीव्हीवर चित्र धुरकट दिसणार, यात वाद नाही. पण त्यात जे नट आहेत, त्यांतले कित्येक आज हयात नाहीत. गाजलेली नाटकं यूट्यूबवर मिळतात. मधल्या फळीतली, दीडदोनशे प्रयोग होऊन थांबलेली नाटकं मात्र शोधूनही सापडत नाहीत. ओटीटीवर तर ती नाहीतच. अशा नाटकाची सुस्थितीतली प्रत कदाचित एखाद्याच्या कपाटात पडून असेल, आणि तिची किंमत त्यालाही ठाऊक नसेल.

लग्नाची सीडी तर दुसरी कुठे असण्याचा प्रश्नच नाही. तिला धोकाही जास्त. बाजारातली सीडी साच्यातून दाबून काढलेली असते, तर फोटोग्राफरने दिलेली सीडी रंगद्रव्याच्या थरावर लेझरने लिहिलेली असते. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणाने उतरत जातं. कोकणातल्या पावसाळ्यात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या डीव्हीडीवर फार भरवसा ठेवू नये.

वाचवायचं काम अवघड नाही. व्हीसीडी संगणकात उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यातली सर्वांत मोठी फाइल म्हणजे तुमचं नाटक. घरगुती डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर असतो, तो अख्खा उचलायचा. व्हीसीडीला आणि घरगुती डीव्हीडीला कुलूप नसतं. पन्नास व्हीसीडी ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावतात. मध्येच कॉपी अडली तर सीडी काढून मऊ सुती कापडाने केंद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून पुसू नका. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. आडवा चरा ड्राइव्ह भरून काढू शकतो, मार्गाच्या बाजूने गेलेला लांब चरा भरून निघत नाही. छापील बाजूला जास्त जपा. सीडीत माहितीचा थर त्या बाजूच्या लगेच खाली असतो आणि तिथे चरा पडला तर थरच निघून येतो. तरीही अडलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. माळ्यावर जुना डेस्कटॉप असेल तर त्याचा जाडजूड ड्राइव्ह भंगारात देऊ नका. बाहेरून वीज देणाऱ्या यूएसबी जोडणीने तो आजही चालतो.

कायद्याचं विचाराल, तर स्वतःच्या खासगी वापरासाठीच्या न्याय्य उपयोगाला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ अ कुलूप तोडण्याबद्दल बोलतं, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्यासाठी आहे. प्रती काढून विकणं किंवा यूट्यूबवर चढवणं हे मात्र सरळ निर्मात्याच्या आणि कलावंतांच्या हक्कावर घाला घालणं आहे. ते करू नये.

खरेदीला जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. यूएसबी ड्राइव्ह टीव्हीच्या यूएसबीला लावून डीव्हीडी दिसेल, या समजुतीने बरेच जण तो घेतात. बहुतेक टीव्हींवर हे चालत नाही, संगणक लागतोच. बारीक ड्राइव्हला लॅपटॉपच्या एका पोर्टमधून पुरेशी वीज मिळाली नाही तर तो नुसता टकटक करतो. दोन यूएसबी टोकांची वायर असेल तर दोन्ही लावा. प्लेअर घेणारच असाल तर एचडीएमआयचा घ्या, कारण नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा असेलच असं नाही. आणि घरातली एक व्हीसीडी सोबत न्या, दुकानातच लावून बघा. प्लेअरने डीव्हीडी दाखवली म्हणून तो व्हीसीडीही दाखवेल, असं गृहीत धरू नका.

साधा डीव्हीडी ड्राइव्ह आज सहज मिळतो, उद्याची खात्री देता येत नाही. अॅपलने आपला शेवटचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह २०२४ मध्ये विकायचा थांबवला. तेव्हा या सुट्टीत सीडींचं पाकीट खाली काढा, आधी लग्नाची, मग नाटकांची सीडी लावा आणि दोन प्रती करा. एक स्वतःकडे ठेवा, दुसरी बहिणीकडे किंवा मुलाकडे द्या.