फोन झोपत का नाही?

बॅटरी उतरली की पहिला आळ स्क्रीनवर येतो, दुसरा व्हिडिओंवर. पण फोन नुसता खिशात असला तरी चार्जिंग उतरतंच. त्यातला बराच भाग फोन आणि टॉवर यांच्यातल्या व्यवहारात खर्च होतो.

निरंजन बालसुब्रमण्यन, अरुणा बालसुब्रमण्यन आणि अरुण वेंकटरमणी यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात केलेली मोजमापं २००९ साली प्रसिद्ध झाली. डेटा येऊन गेल्यावरही थ्रीजी फोनमधला टॉवरशी बोलणारा रेडिओ सुमारे १२.५ सेकंद जागाच राहत होता. एरवीच्या देवाणघेवाणीत जवळपास ६० टक्के ऊर्जा या शेवटच्या ताटकळण्यातच जात होती. प्रवासी उतरून गेला तरी रिक्षाचं मीटर चालूच, तसा हा प्रकार. फोरजी वेगवान झालं, पण २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि एटी अँड टी लॅब्जच्या संशोधकांना त्यातही साडेअकरा सेकंदांची प्रतीक्षा आढळली. त्या प्रतीक्षेत फोन साधारण एक वॉट खेचत होता. विश्रांतीत त्याच्या काही टक्केच.

याचा हिशेब मांडून पाहू. मेलचं ॲप दर पाच मिनिटांनी 'काही आलं का?' असं विचारत असेल, तर दिवसात २८८ खेपा होतात. प्रत्येकीमागे साडेअकरा सेकंद धरले तर सुमारे ५५ मिनिटं रेडिओ जागा, तेही एकही मेल आली नाही तरी! तेच ॲप तासाला एकदा विचारू लागलं, तर पाच मिनिटांच्या आत भागतं.

किती वेळ ताटकळायचं, हे टॉवरवरचा टायमर ठरवतो. मग टॉवर फोनला लगेच का सोडत नाही? जोडणी नव्यानं उभी करायची तर फोन आणि नेटवर्क यांच्यात कितीतरी संदेशांची ये-जा होते. सुरुवातीचे काही स्मार्टफोन बॅटरी वाचवायला आपणहून जोडणी तोडत आणि लगेच पुन्हा मागत. त्या संदेशांच्या भारानं नेटवर्क मेटाकुटीला आलं. अखेर थ्रीजीपीपी या मानकसंस्थेनं 'रिलीज ८'मध्ये तोडगा काढला: मोकळीक फोननं मागायची, निर्णय नेटवर्कनं घ्यायचा. फाइव्हजीत जोडणी आणि विश्रांती यांच्या मधली अवस्था आली. तिच्यात फोन विसावतो, पण त्याची ओळख नेटवर्क जपून ठेवतं. त्यामुळे पुन्हा जागं होणं स्वस्तात पडतं.

रेंज कमी असली की वेगळाच खर्च वाढतो. दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचायला फोरजी फोन प्रक्षेपण २०० मिलीवॉटपर्यंत नेतो. तेवढं बाहेर पडायला बॅटरीतून त्याच्या कैकपट जातं. कोकण रेल्वेच्या बोगद्यामागून बोगद्यात रेंज गेली की फोन पुन्हापुन्हा टॉवर धुंडाळत राहतो. अशा वेळी एअरप्लेन मोड लावणं हाच शहाणपणा.

एरवीचा उपाय मात्र खेपा एकत्र करण्याचा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मधली 'डोझ' सोय हेच करते: फोन पडून असताना ॲप्सची कामं अडवून धरते आणि अधूनमधून एकदमच उरकते. आपल्यालाही सेटिंगमध्ये जाऊन मेलची वेळ लांबवता येते, नको त्या ॲप्सचं सिंक बंद करता येतं. टॉवरवरचा टायमर आपल्या हातात नाही. तो दिवसातून किती वेळा सुरू व्हावा, हे मात्र बरंचसं आहे.