तिखट चांगलं, तरी माल परत का येतो?



आपल्या गटांच्या तिखट, हळद, मसाल्याच्या चवीला कुणी नाव ठेवत नाही. प्रदर्शनात पाकिटं हातोहात जातात. पण तोच माल दुकानात ठेवला की पावसाळ्यात निरोप येतो, "ताई, पाकिटात गोळे झालेत, परत घेऊन जा." नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळेसारखं नाही लागलं." परत आलेल्या मालात गटाचा पैसा अडकतो, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून माल कुठे बिघडतो, त्यासाठी यंत्र कुठे लागतं आणि कुठे नुसती कामाची पद्धत बदलली तरी भागतं, ते बघू या.

ओल : खरा शत्रू

मिरची वरून वाळलेली दिसते, पण देठाजवळ ओल राहते. त्या ओलीवर बुरशी धरते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजून-दळून पूर्ण जात नाही. म्हणूनच मिरची पुडीत ११ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको, असं अन्नसुरक्षेचं मानक सांगतं. नीट वाळलेली मिरची हलवली की आतलं बी खुळखुळतं आणि ती चटकन मोडते. दबून वाकत असेल तर अजून ऊन दाखवा.

अंगणात वाळवणाला धूळ, कोंबड्या आणि अवकाळी पाऊस हे तिन्ही असतातच. सोलर ड्रायरमध्ये माल बंद पेटीत असतो. उन्हाने आतली हवा तापते, मालातली ओल घेते आणि झरोक्यातून बाहेर पडते. वीज लागत नाही किंवा अगदी थोडी लागते. मराठवाड्यात याचा धंदाही उभा राहिला आहे. छत्रपती संभाजीनगरची 'एस फॉर एस टेक्नॉलॉजीज' ही कंपनी शेतकरी बायांना असे ड्रायर मिळवून देते आणि त्यांनी वाळवलेला कांदा, टोमॅटो, आलं विकत घेते. या कामाला २०२३ साली 'अर्थशॉट' हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. इथे लक्षात घ्या, ड्रायर आला तेव्हा माल घेणाराही ठरलेला होता. नुसता ड्रायर आणला असता तर वाळवलेला कांदा घरातच पडून राहिला असता.

आणखी एक : दळलेला गरम मसाला लगेच पिशवीत भरू नका. आतून घाम सुटतो आणि गोळे होतात. स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण निववा, मगच भरा.

चव : प्रत्येक वेळी तीच

दहा घरी दहा हातांनी मसाला केला की दहा चवी होतात. यावर उपाय लिज्जत पापडाने दाखवला. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. पापड आजही बहिणी घरीच लाटतात, पण पीठ केंद्रावर मळलं जातं आणि लाटलेले पापड केंद्रावर तपासून घेतले जातात. म्हणून चव सारखी राहते.

आपणही तेच करू शकतो. निवडणं, देठ काढणं घरोघरी करा. भाजणं, मिसळणं, दळणं मात्र एकाच ठिकाणी. मूठ आणि चिमूट सोडा, काटा वापरा. कृती ग्रॅममध्ये लिहून भिंतीला लावा. प्रत्येक घाण्याला नंबर द्या आणि तो पाकिटावर टाका. तक्रार आली तर तेवढाच घाणा परत येईल, सगळा माल नाही.

पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते, किंमत, घाणा नंबर, गटाचा पत्ता, शाकाहारी चिन्ह आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी नंबर हवाच.

हिशोब : आपली मजुरी धरा

समजा, १० किलो वाळली मिरची २०० रुपयांनी घेतली : २,००० रुपये. दळणावळ ३००, पाकिटं १४४, गाडीभाडं १२०. एकूण २,५६४. देठ-कचरा जाऊन ९ किलो तिखट निघालं, म्हणजे पाव किलोची ३६ पाकिटं. एक पाकीट ७१ रुपयांना पडलं. ७५ ला विकलं की वाटतं चार रुपये सुटले. पण दोघी बायांचा अख्खा दिवस गेला, त्याचं काय? सगळी पाकिटं विकून २,७०० रुपये येतात, हातात १३६ उरतात. म्हणजे एकीला ६८ रुपये रोज!

तीनशे रुपये रोज धरला तर खर्च ३,१६४ होतो आणि पाकीट ८८ रुपयांना पडतं. त्यावर थोडा नफा आणि दुकानदाराचं कमिशन धरूनच भाव ठरवायचा. "घरचंच काम आहे" म्हणून मजुरी सोडली, तर तो तोटा आपण आपल्याच अंगावर घेतो.

यंत्र कधी घ्यायचं?

आधी काम कुठे अडतंय ते शोधा. वाळवण अडत असेल तर ड्रायर. पाकिटाचं तोंड उघडं राहत असेल तर छोटं सीलिंग मशीन. दळणासाठी गावातली गिरणी पुरत असेल, तर कर्ज काढून पल्व्हरायझर कशाला? महिन्याकाठी किती किलोची ऑर्डर नक्की आहे, हे वहीत दिसल्यावरच मोठं यंत्र.

केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना (पीएमएफएमई) २०२० साली सुरू झाली. तिच्यात अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आणि उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान अशी तरतूद आहे. अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, म्हणून हप्ता झेपेल का ते आधी बघा. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात किंवा आपल्या सीआरपी ताईंना विचारा.

पुढच्या गटसभेत एवढं करा. आपलं एक पाकीट मध्ये ठेवा आणि ते किती रुपयांना पडलं, हे मजुरी धरून सगळ्यांनी मिळून वहीत मांडा. आकडा खरा निघाला की भाव सांगताना आवाज चाचरणार नाही.